अर्धी कळलावी

पाटबंधारे खात्याच्या नगरच्या कचेरीत मी अनुरेखक होतो. हा शब्द बऱ्याच जणांना कळत नाही, म्हणून सांगतो. अभियंता नकाशा काढतो, आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईनं त्याची हुबेहूब प्रत उतरवतो तो अनुरेखक. त्या प्रतीवरून अमोनियाच्या प्रिंट निघतात आणि तालुक्याला जातात. कालव्याची रेघ खालच्या कागदावर जिथं आहे तिथंच वरच्या कागदावर यायला हवी. अर्धा मिलिमीटर सरकली तर ती कोणाच्या तरी विहिरीतून जाते. माझी रेघ सरकत नसे. चूक झालीच तर ब्लेडनं शाई अशी खरवडायची, की हात फिरवला तरी बोटाला कळू नये, हेही मला येत होतं. या कामात स्वतःचं काही घालायचं नसतं, आणि मला तशी हौस नाही असं मी समजत होतो.

नव्वदीतली गोष्ट आहे. पावसाळा संपून दिवाळी जवळ आली होती. शहरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम आमच्या कचेरीत आल्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या, उंच, डोक्याला रुमाल बांधून मोपेड चालवणाऱ्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी पिशवी होती. त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं, तुमच्याकडे सगळ्यात अचूक हात कोणाचा? साहेबांनी माझ्या टेबलाकडे बोट केलं. वीस वर्षांच्या नोकरीत असं बोट माझ्याकडे पहिल्यांदाच झालं, म्हणून ते लक्षात आहे.

पिशवीत जुनी चित्रं होती. इंग्रजांच्या काळात विलायतेत छापलेली आणि मग एकेक करून हातानं रंगवलेली. कॅम्पातल्या कुठल्या तरी बंगल्यातून ती कधीकाळी कॉलेजला मिळाली होती. सगळी एकाच गोतावळ्यातली झाडं: लिली, कोरफड, नागदवणा, कोळकांदा, कळलावी. कपाटाला ओल लागली, मग वाळवी लागली, आणि चित्रांचा मोठा गठ्ठा गेला. जी थोडी वाचली त्यांच्या प्रती काढून विभागाच्या व्हरांड्यात लावायच्या आणि मूळ चित्रं डब्यात बंद करून ठेवायची, असा मॅडमचा विचार होता. फोटो काढून पाहिले होते, पण फोटोत हिरवा निळा येत होता.

"प्रत जशीच्या तशी हवी," त्या म्हणाल्या.

"माझं तेच काम आहे," मी म्हणालो.

पहिलं चित्र त्यांनी मला घरी न्यायला दिलं ते कोरफडीचं. पंधरा इंच बाय दहा इंच. मी काम कसं केलं ते सांगतो. मूळ चित्रावर काच, काचेवर ट्रेसिंग पेपर, त्यावर मऊ पेन्सिल. म्हणजे मूळ कागदाला हाताचा भार लागत नाही. मग ट्रेसिंगच्या पाठीमागं पेन्सिल घासायची आणि ते जाड कागदावर ठेवून रेघा पुन्हा गिरवायच्या. पानाच्या कडेचे काटे मी डिव्हायडरनं तपासले. एका पानाला एका बाजूनं सव्वीस काटे होते. माझ्याही पानाला सव्वीस आले, आणि त्यांच्यामधली अंतरंही तीच आली. विलायतेतल्या कोणा माणसानं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जे पाहिलं, ते सावेडीतल्या दोन खोल्यांच्या घरात माझ्या कागदावर उतरलं याचा मला अभिमान वाटला. तो काही अवाजवी नव्हता.

अडचण रंगाची होती. आमच्या कामात रंग म्हणजे नकाशावर सपाट भरायचा रंग: पाण्याला निळा, बागायतीला हिरवा. मी कोरफडीला तसाच हिरवा भरला. बायकोनं ताट पुसता पुसता पाहिलं.

"ही कोरफड आहे का बागायत?" ती म्हणाली.

तिचा हात रंगाचा होता हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. एप्रिलमधल्या जयंतीचा फलक दरवर्षी तीच रंगवायची, आणि विहाराच्या भिंतीवर कमळांची जी पट्टी आहे तीही तिचीच. लोक थांबून बघायचे. मी त्याला बायकांची हौस म्हणायचो. पट्टीतली कमळं एकसारखी नाहीत, हे मोजून मी तिला एकदा दाखवलंही होतं. ती म्हणाली होती, "एकसारखी असती तर फरशा बसवल्या असत्या."

कोरफड तिनं रंगवली. निळ्यात थोडा पिवळा, थोडी राख कालवल्यासारखा करडा, आणि पानाच्या पोटाशी पाण्यानं पुसलेली जागा. पान जड झालं. म्हणजे आत गर आहे असं कळायला लागलं. मी काढलेल्या रेघा होत्या तिथंच होत्या, पण आता त्या कोणाला दिसत नव्हत्या.

मॅडमनी ते चित्र उजेडात धरलं. मग विचारलं, "रंग कोणाचे?"

मी म्हणालो, "घरातलेच."

"घरातले म्हणजे?"

"आमच्या मिसेसचे."

"असं," मॅडम म्हणाल्या, आणि मला चहा मागवला. चहा पितानाही त्या चित्राकडेच बघत होत्या. काट्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं, की सव्वीस आहेत. "हो का," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझ्या मनात जे सुरू झालं त्याला दुसरा शब्द नाही. मला माझ्या बायकोचा मत्सर वाटत होता. शेजाऱ्याचा वाटला तर माणूस खिडकी लावून घेतो. इथं ज्या हाताचा मत्सर वाटतो, त्याच हातचं जेवायचं होतं.

दुसरं चित्र नागदवण्याचं आलं. लांब पट्ट्यासारखी पानं आणि वर पांढऱ्या फुलांचा झुबका. पण पाकळ्यांवर ठिकठिकाणी काळपट डाग होते, दोरीत ओवल्यासारखे एका ओळीत. कागदावरचे ओलीचे डाग तांबूस असतात. ते मी ओळखायला शिकलो होतो आणि गाळत होतो. हे तसे नव्हते. हे रंगाचे होते, ब्रशनं लावलेले, पाकळीच्या कडेनं नीट वळलेले. मी ते उतरवले.

"हे काळं कुठून आलं?" बायकोनं विचारलं.

"चित्रात आहे."

"फुलात नसतं."

"तू विलायतेतला नागदवणा पाहिलायस का?"

"मी राहात्याचा पाहिलाय. माहेरी आमच्या मोरीच्या पाण्यावर होता. पांढरा म्हणजे पांढरा. काळा कशाला असेल? त्याचं काय कोणी मेलंय?"

मी म्हणालो, आपण प्रत काढतोय, फूल नाही. ती म्हणाली, मग काळं तुम्हीच भरा, मी भरणार नाही. मी भरलं. या बाबतीत मॅडम माझ्या बाजूनं बोलतील याची मला खात्री होती, कारण जशीच्या तशी हा शब्द त्यांचाच होता. म्हणून रविवारी मीच बायकोला म्हणालो, चल, त्यांच्यासमोरच होऊन जाऊ दे.

मॅडमनी माझी प्रत पाहिली, मूळ चित्र पाहिलं, भिंग लावलं. मग म्हणाल्या, "त्या काळातला पांढरा रंग शिशापासून करत. हवेत राहून तो काळा पडतो. पाकळीवर जिथं सगळ्यात जास्त चमक होती तिथं चित्रकारानं पांढरा लावला असणार, आणि तोच आता काळा झालाय. वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"मला शिशाचं काही माहीत नाही," बायको म्हणाली. "फूल पाहिलेलं होतं."

"पण मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही जशीच्या तशी म्हणाला होतात."

"तुमचंही बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. ज्या आवाजात त्या हे म्हणाल्या तो आवाज मी ओळखतो. कचेरीत शिपायाच्या अर्जावर साहेब त्याच आवाजात बघू म्हणतात.

नागदवण्याची दुसरी प्रत झाली. रेघा माझ्या, पाकळ्या पांढऱ्या. तिनं पांढरा रंग लावलाच नाही. कागद मोकळा सोडला आणि भोवती पातळ करडी सावली दिली. काहीही न लावता तिनं फूल काढलं. माझ्या बाटलीतला पांढरा रंग तसाच राहिला.

मग मॅडम घरी यायला लागल्या. रविवारी दुपारी मोपेडचा आवाज आला, की बायको पदर सारखा करायची आणि मी चटई टाकायचो. त्या दोघी चित्रं समोर पसरून बसायच्या. देठ इथं असा का वाकलाय, या पानाला दांडा का नाही, कोरफडीच्या पिल्लांवर पांढरे ठिपके असतात ते मोठेपणी कुठं जातात. बायको शाळेत दहावीपर्यंत गेली होती आणि मॅडम डॉक्टरेट होत्या, पण बोलणं ऐकून कोणाला सांगता आलं नसतं. त्या हसायच्याही. कशाला हसल्या ते मी आत चहा करत असल्यानं कळायचं नाही. बाहेर येऊन विचारलं तर बायको म्हणायची, "काही नाही, असंच." एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्याशी ती असंच हसली नव्हती असं नाही, पण मी मनात हिशोब काढला तेव्हा ताजं असं काही सापडेना.

मी चहा चांगला करतो, असं मात्र मॅडम दर वेळी म्हणायच्या.

शेवटचं चित्र उरलं ते कळलावीचं. मॅडमनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते अर्धंच होतं. डावीकडचा भाग शाबूत: जमिनीतला नांगराच्या फाळासारखा कंद, वर जाणारी वेल, पानं, आणि एक पूर्ण उमललेलं फूल, लाल, कडांना चुण्या पडलेलं. उजवीकडचा भाग वाळवीनं खाल्ला होता. तिकडं जाणाऱ्या देठांची सुरुवात तेवढी दिसत होती.

"हे पुरं करायचं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात सुंदर चित्र हेच होतं. मी याच कॉलेजात विद्यार्थिनी होते तेव्हा पूर्ण पाहिलेलं आहे, पण उजवीकडं नक्की काय होतं ते आठवत नाही."

"मी करतो," मी लगेच म्हणालो.

हे चित्र मला हवं होतं. का, ते सांगतो. बाकीच्या चित्रांत माझी रेघ रंगाखाली गेली होती. व्हरांड्यात लागतील तेव्हा लोक रंगच बघतील हे मला कळून चुकलं होतं. इथं मात्र पुढं काही नव्हतं. जो उरलेलं अर्धं काढील त्याचं ते अर्धं असणार होतं. आयुष्यभर मी खालचा कागद बघून वरचा कागद केला. एकदा तरी वरचा कागद माझा असावा असं वाटलं.

मी ते कसं केलं ते ऐकून कोणीही अनुरेखक मान डोलावेल. डाव्या अर्ध्याचं ट्रेसिंग काढलं, ते मधल्या वेलीवर उलटं केलं, आणि उजवीकडं उतरवलं. धरणाचा आडवा छेद आम्ही असाच पुरा करतो. एक बाजू मोजली की दुसरी उलटून येते. कुठंही रेघ जोडलेली कळत नव्हती. दोन्हीकडं एकेक फूल, दोन्हीकडं तितकीच पानं. मोजायला चुकीचं काही नव्हतं.

मॅडमनी पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. त्या वाईट बाई नव्हत्या. लगेच माझ्या हातावर हात ठेवला. "अहो, झाड असं नसतं. हे पतंगाच्या कागदासारखं झालंय, घडी घालून कापलेलं."

बायकोही हसली. ती हसली नसती तर मला चाललं असतं.

"जिवंत झाड बघून काढायला हवं," मॅडम म्हणाल्या. "श्रावणात आपल्या अकोले तालुक्यात, डोंगरात फुलते. तुम्ही दोघं चला. दोघांनीही काढा. जे जुळेल ते घेऊ."

दोघांनीही काढा, हे त्यांनी सरळ मनानं म्हटलं असेल. मला ते परीक्षेचं वेळापत्रक वाटलं. श्रावणापर्यंत मी रोज संध्याकाळी फुलं काढायला बसलो. गुलछडी आणली, जास्वंद आणली. समोर ठेवून काढायचं म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खाली काही नसतं. कागद पांढरा असतो आणि फूल तिकडं असतं, आणि दोघांच्या मधली वाट कोणी आखून दिलेली नसते. मी डिव्हायडरनं पाकळी मोजायचो आणि कागदावर आणायचो. बायको माझं काढणं बघायची नाही. तिनं स्वतः काहीच सराव केला नाही, उलट लोणची घातली. याचाही मला राग आला.

श्रावणात आम्ही गेलो. आमची मुलगी माझ्या बहिणीकडं ठेवली. संगमनेरपर्यंत एसटी, अकोल्यापर्यंत दुसरी, पुढं जीप. भंडारदऱ्याला आमच्या खात्याचं विश्रामगृह आहे. तिथल्या खोल्या माझ्या अर्जावर मिळाल्या होत्या. एवढी एक गोष्ट माझ्यामुळं झाली होती, ती मी वाटेत दोनदा बोललो. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याशिवाय झालंच नसतं." बायकोनं जीपच्या बाहेर भातखाचरांकडं बघितलं.

कळलावी शोधावी लागली नाही. खाचराच्या बांधावर, करवंदीच्या जाळीवरून वर चढलेली, लाल-पिवळ्या जाळासारखी. पानांची टोकं तारेसारखी गुंडाळलेली आणि त्यांनीच वेलीनं जाळीला धरलेलं. आम्ही बसलो तसं शेतातली एक बाई विळा हातात घेऊन वर आली. काय करता, म्हणून तिनं विचारलं. चित्र काढतोय म्हटल्यावर तिला ते पटलं.

"काढा, पर घरात नका न्हेऊ," ती म्हणाली. "लई वंगाळ फूल हाय. घरात भांडनं लागत्यात."

"ती आधीच पोचलीत," बायको म्हणाली.

बाई जोरात हसली. "व्हय का? मग न्या, काय हुतंय."

मी माझ्या बाजूला एक फूल निवडलं, त्याच दिवशी उघडायला लागलेलं. कळलावीचं फूल खाली मान घालून असतं आणि पाकळ्या वर उलटतात. पाकळ्या सहा, केसर सहा. मधली दांडी देठापासून काटकोनात वळते. नव्वद अंश, मी कोनमापक लावून पाहिला. हे मला फार आवडलं. एवढ्या मोकाट झाडात कोणी तरी काटकोन तपासायचा गुण्या लावून काम केलंय असं वाटलं. मी एकेक पाकळी मोजली, आकडे पेन्सिलीनं कडेला लिहिले आणि काढायला सुरुवात केली. वारा होता, भुरभुर होती. छत्री मानेत धरून काढलं. संध्याकाळपर्यंत तीन पाकळ्या झाल्या, आणि त्या बरोबर होत्या. आजही मी म्हणेन, बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन डिव्हायडर लावला तर आकडे जुळेनात. आधी वाटलं फूल चुकलं. पण मी देठाला दोरा बांधून ठेवला होता. फूल तेच होतं. रात्रीतून पाकळ्या वाढल्या होत्या, जास्त उलटल्या होत्या. काल बुडाशी हिरवट आणि वर पिवळ्या होत्या, आज टोकाकडून लाल उतरायला लागला होता. दोन्ही मापं खरी होती आणि एकमेकांना खोटं पाडत होती. पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हटलं तर उद्या तिसरंच माप येणार. मी उरलेल्या तीन पाकळ्या त्या दिवशीच्या मापानं काढल्या.

बायको वीसेक पावलांवर बसली होती. पाठ माझ्याकडं. ती बराच वेळ नुसती बघायची, मग भराभर काढायची. मधेच उठून वेलीच्या मागच्या बाजूला जायची. मॅडम तिच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. डॉक्टरेट झालेल्या बाई, विभागप्रमुख, आणि माझ्या बायकोवर छत्री धरून. माझी छत्री माझ्या मानेत होती.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला त्या क्षणापर्यंत आशा होती हे लिहायला हवं. मला वाटत होतं, तिचं ढोबळ असेल.

माझ्या कागदावर एक फूल होतं. मॅडमनी त्यावर बोट न टेकवता विचारलं, "हे कुठल्या दिवसाचं?"

"दोन्ही."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणून अर्धं कालचं, अर्धं आजचं."

बायकोच्या कागदावर तीन होती. एक कळी, मान खाली घातलेली, हिरवी. एक अर्धवट उलटलेलं, पिवळं, काल संध्याकाळचं. आणि तेच आज, लाल चढताना. एकाच देठावरून तिनं तिन्ही अशी काढली होती, की फूल तुमच्या डोळ्यांसमोर वर वळत जातं. कडेला पानाचं गुंडाळलेलं टोक, जाळीची काटकी धरलेलं. मोजमाप कुठंच नव्हतं. मी खिशातला डिव्हायडर तिथंच काढला आणि तिच्या कालच्या फुलाच्या एका पाकळीला लावला. माझ्या कालच्या आकड्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी भरली.

"किती?" बायकोनं विचारलं.

"दीड मिलिमीटर कमी."

"तुम्ही मोजलं तोवर वाढली असेल," ती म्हणाली.

मॅडम तिचा कागद उचलून म्हणाल्या, "उजवीकडं हेच होतं. म्हणजे हेच असेल असं नाही, पण असंच काहीतरी. मला आता आठवल्यासारखं वाटतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "रागावू नका."

"त्यात काय," मी म्हणालो.

नगरला आल्यावर एकाच जाड कागदावर दोघांचं काम झालं. डावीकडं मी जुन्या चित्राचं ट्रेसिंग उतरवलं. उजवीकडं तिनं हातानं काढलं. मॅडमना जोड लपवायचा नव्हता. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते कळायला हवं म्हणून त्यांनी मधे पेन्सिलीची एक फिकट रेघ मागितली. ती मी मारली. त्या आठवड्यात मी घरात फारसं बोललो नाही.

"रागावलात," बायको जेवताना म्हणाली.

"नाही."

"मग आमटी गाळून का खाताय? कढीपत्ता मोजताय का?"

"मला एक सांग," मी म्हणालो. "तू सराव का नाही केलास? लोणची काय घालत बसलीस?"

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "रोज काढलं असतं तर रोज तुम्ही मोजलं असतं."

मी भाकरी घेतली.

चित्रं व्हरांड्यात लागली तेव्हा मॅडमनी आम्हाला बोलावलं. माझ्या कचेरीतले साहेबही आले होते. ते कळलावीसमोर थांबले, मान तिरपी करून उजव्या बाजूकडं बघत राहिले आणि मग माझी पाठ थोपटली. "नकाशे काढता काढता हे कधी शिकलात? हे फूल तर हलतंय."

"ती बाजू हिची आहे," मी म्हणालो. बायको माझ्या मागं उभी होती, मी बाजूला सरकलो.

"अस्सं. आणि ही?" त्यांनी डावीकडं बोट केलं.

डावी बाजू माझी होती. त्या कंदाच्या एकेका मुळीवर माझी संध्याकाळ गेली होती. पण साहेबांना काय सांगायचं?

"ती जुनी आहे," मी म्हणालो.

ते पुढच्या चित्राकडं गेले. बायकोनं माझ्याकडं बघितलं.

मॅडमनी तिला नंतरही काम दिलं. जिल्ह्यातल्या डोंगरांत, माळांवर लिलीच्या गोतातलं जे जे उगवतं ते एकेक करून जिवंत काढायचं; त्यांना निवृत्तीनंतर पुस्तक करायचं होतं. झाडं आता आमच्याच घरी यायला लागली, ओल्या फडक्यात गुंडाळून. अशा चित्राखाली मापाची एक रेघ लागते, म्हणजे बघणाऱ्याला झाड खरं केवढं आहे ते कळतं. मॅडम म्हणाल्या, ती तुम्ही मारत जा. मी अजूनही मारतो. बायको चित्र करते आणि मी खाली एक रेघ मारतो, आणि झाड मोजून तिचं चित्र किती पट आहे ते सांगतो. ती माझा आकडा कधी तपासत नाही.

परवा कोळकांदा आला होता. पानं नसताना नुसता दांडा वर येतो आणि त्याला बारीक फुलं. ती खिडकीशी बसून काढत होती. मी डिव्हायडर घेऊन जवळ उभा राहिलो, कारण फुलं सुकायच्या आत मापं घ्यायला हवी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "अहो, जरा तिकडं व्हा. सावली पडतेय."

मी तिकडं झालो. तिथून तिचा कागद नीट दिसत होता. तिनं दांड्याच्या एका बाजूनं ब्रश खालून वर नेला, एकदाच, आणि दांडा गोल झाला. चांगलं येत होतं, आणि ते मला आवडत नव्हतं.